सात दिवस वाऱ्याच्या पंचांगानं

मराठी कुटुंबाची सहल गाडीत बसण्याआधी कागदावर होते. चौकटी आखलेला तो कागद पाहण्यासारखा असतो. पहाटे साडेपाचला चहा, सहाला प्रस्थान, साडेनऊला देवदर्शन, अकराला किल्ला, एकला जेवण आणि जेवणानंतर वामकुक्षीला जागाच न ठेवता लगेच ‘पुढील स्थळ’. अकरा दिवसांत नऊ शहरं पाहून आलेली माणसं दमलेली असली, तरी समाधानी असतात. कारण कागदावरच्या सगळ्या रकान्यांत बरोबरची खूण झालेली असते. या पद्धतीची थट्टा करण्याचं कारण नाही. आगगाडी आणि बस यांच्या जगात ती उत्तम चालते आणि मध्यमवर्गाच्या पैशाचा पुरेपूर मोबदलाही देते.

पण आता याच कागदावर एक नवी सहल येऊ लागली आहे. चार-पाच शयनकक्षांची शिडाची नौका आठवडाभर भाड्यानं घ्यायची आणि उष्ण कटिबंधातल्या एखाद्या बेटसमूहात हिंडायचं. पुण्याचे दोघे भाऊ, दुबईची बहीण, अमेरिकेतला चुलतभाऊ, सगळ्यांची मुलं आणि हौशी आजी-आजोबा, असा बेत घराघरांतल्या फोनगटांवर शिजताना दिसतो. बेत सुंदर आहे. प्रश्न इतकाच, की आपण त्याची आखणीही चौकटीच्या त्याच कागदावर करतो. समुद्र त्या कागदाला जुमानत नाही. माझं म्हणणं असं, की समुद्रावरच्या आठवड्याचं नियोजन म्हणजे दिवस भरणं नव्हे, तर काय सोडून द्यायचं हे घरी बसूनच ठरवणं. ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी खुशाल किनाऱ्यावरच्या हॉटेलात राहावं. त्यात कमीपणा नाही.

उदाहरणादाखल सेशेल्सचा विचार करू. हिंदी महासागरात विषुववृत्ताच्या दक्षिणेला चार-पाच अंशांवर सुमारे ११५ बेटांचा हा देश आहे. १९७६ साली तो ब्रिटिशांच्या अमलातून स्वतंत्र झाला. तिथल्या चलनालाही रुपयाच म्हणतात. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त दीड तास मागे आहे, भारतीयांना व्हिसा लागत नाही (प्रवासाची आगाऊ परवानगी मात्र काढावी लागते) आणि राजधानी व्हिक्टोरियामध्ये १९९२ साली उभं राहिलेलं विनायकाचं देऊळ आहे. इतकं सगळं जुळून आल्यावर मराठी माणसाला आणखी काय हवं? बहुतेक आतली बेटं ग्रॅनाइटची आहेत. माहे, प्रालँ आणि ला दीग ही तीन मुख्य, आणि त्यांच्या आसपास छोटी छोटी बेटं विखुरलेली. आठवडाभराची नौका फिरते ती याच बेटांत.

आधी वारा, मग तारीख

सहलीची तारीख आपण कशावरून ठरवतो? मुलांच्या सुट्ट्या, कचेरीतली रजा आणि विमानाचं तिकीट यांवरून. शिडाच्या नौकेला चौथी गोष्ट लागते, आणि ती पहिली धरावी लागते. ती म्हणजे वारा.

सेशेल्सला वाऱ्याचे दोन हंगाम आहेत. साधारण मे ते ऑक्टोबर आग्नेयेकडून येणारा वारा असतो. तो कोरडा, एकसारखा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये चांगलाच जोरकस असतो. डिसेंबर ते मार्च वायव्येकडून वारा येतो. तो उष्ण आणि दमट असतो, आणि डिसेंबर-जानेवारीत पाऊस सर्वांत जास्त पडतो. या दोन्हींच्या मधले एप्रिल आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सांध्याचे महिने. तेव्हा वारा मंद, समुद्र शांत आणि पाणी नितळ असतं.

हा आग्नेय वारा आपल्याला परका नाही. दक्षिण गोलार्धातले हे वारे विषुववृत्त ओलांडतात, पृथ्वीच्या फिरण्यामुळे उजवीकडे वळतात आणि आपल्याकडे नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन येतात. मृगाच्या सुमारास रत्नागिरीच्या कौलांवर ज्याची पहिली सर वाजते, त्याच वाऱ्याचं माहेर म्हणजे हा प्रदेश. आपल्याकडचे कोळीबांधव त्या दिवसांत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्यावरच पुन्हा लोटतात. वाऱ्याला विचारून दिवस ठरवायची ही रीत आपल्याच किनाऱ्यावरची आहे. आपण शहरात आलो आणि ती विसरलो.

आता आपल्या सुट्ट्या या पंचांगाशी ताडून पाहा. ‘नाताळात जाऊ, तेव्हाच अमेरिकेतला दादा येतो,’ हा बहुतेक घरांतला पहिला प्रस्ताव असतो. नेमक्या त्याच दिवसांत तिथे पावसाची सर्वाधिक शक्यता असते आणि नौकांची भाडीही चढलेली असतात. याउलट दिवाळीची सुट्टी पुष्कळदा सांध्याच्या दिवसांत पडते. एप्रिल अखेरही तशीच. बरोबर लहान मुलं आणि वडीलधारी असतील, तर हेच दिवस उत्तम. वारा कमी म्हणून थोडं अंतर इंजिनावर कापावं लागेल, शिडं थोडी सुस्तावतील, पण पोटातलं पाणी हलणार नाही. ज्यांना खरोखर शिडं फुगलेली पाहायची आहेत, अशा तरुण मंडळींनी मे अखेर किंवा जूनचा आरंभ धरावा. जुलै-ऑगस्ट हा ज्यांनी आधी शिडाची नौका चालवली आहे त्यांचा हंगाम. कौटुंबिक सहलीचा तो नव्हे.

वाऱ्याबरोबर मुक्कामाच्या जागाही बदलतात. प्रालँच्या वायव्य टोकाला आन्स लाझिओ नावाची प्रसिद्ध चौपाटी आहे. आग्नेय वाऱ्यात ती बेटाच्या आडोशाला येते आणि तिथे नांगर टाकून निवांत झोपता येतं. वायव्य वाऱ्यात मात्र लाटा थेट आत शिरतात. ला दीगच्या आग्नेय किनाऱ्यावरच्या ग्रांड आन्सचं नेमकं उलट आहे. आग्नेय वाऱ्याच्या महिन्यांत तिथल्या लाटा आणि ओढ पोहणाऱ्यासाठी धोकादायक असते. म्हणजे नकाशा एकच, पण याद्या दोन. माहितीपुस्तकातली ‘दहा सर्वोत्तम ठिकाणं’ कागदावर उतरवून घेणाऱ्यानं ती पुस्तकं फोटो पाहून लिहिलेली असतात, वारा पाहून नव्हे, हे ध्यानात ठेवावं.

सातातून किती उरतात?

आता हिशेब मांडू. नौका साधारणपणे शनिवारी दुपारी ताब्यात मिळते आणि पुढच्या शनिवारी सकाळी परत द्यायची असते. म्हणजे रात्री सात, पण पुरे दिवस सहाच. पहिली संध्याकाळ सामान चढवण्यात आणि नौकेची माहिती समजून घेण्यात जाते. माहेसमोरच सांत आन हे १९७३ पासूनचं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. पहिली रात्र तिथल्या आसपास काढली, तरी पुष्कळ झालं.

माहे ते प्रालँ हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर, म्हणजे पंचवीसेक सागरी मैल. शिडाची नौका ताशी पाच-सहा मैल जाते. म्हणजे चार-पाच तास. मोटारीच्या हिशेबानं हे पुणे-लोणावळ्याहून कमी अंतर आहे, पण इथे तो पूर्ण दिवस धरायचा. ही दिशा ईशान्येची असल्यामुळे वारा आग्नेयेचा असो की वायव्येचा, तो बाजूनंच लागतो. नौकेच्या वेगाला हे चांगलं, पण लाटाही बाजूनं येतात आणि नौका डोलते. ज्यांना गाडी लागते, त्यांना इथे कळतं की घाट परवडला. डॉक्टरांनी दिलेली गोळी निघण्यापूर्वी घ्यायची असते, उलटी झाल्यावर नव्हे. रिकाम्या पोटी बसायचं नाही, नजर क्षितिजावर ठेवायची आणि तोंडात आलेपाक धरायचा.

जाण्याचा एक दिवस आणि येण्याचा एक दिवस वजा केले, की सहातले चार उरतात. त्यातला एक मोकळा सोडा, असं मी आग्रहानं सांगेन. वारा वाढला, कुणाला ताप आला, इंजिनाचा पट्टा तुटला किंवा एखाद्या खाडीतून पाय निघेना, तर तो दिवस कामी येतो. तो नसेल, तर माणसं चुकीच्या हवेत नांगर उचलतात. समुद्रावर घाई फार महाग पडते.

उरले तीन दिवस. त्यात काय बसतं? एक दिवस प्रालँवरच्या व्हॅले द मेला. १९८३ पासून जागतिक वारसा ठरलेलं हे ताडांचं रान आहे. इथेच ‘कोको द मेर’ हा जोडनारळ पिकतो. वनस्पतीसृष्टीतली ही सर्वांत वजनदार बी. फळ पक्व व्हायला सहा-सात वर्षं लागतात. आत कुजून पोकळ झालेल्या करवंट्या पूर्वी समुद्रातून वाहत मालदीवला आणि आपल्याही किनाऱ्याला लागत. झाड कुणी पाहिलेलं नसल्यामुळे ते समुद्राच्या तळाशी उगवत असावं, अशी समजूत होती. फकिरांच्या हातातलं काळं कशकुल पुष्कळदा याच करवंटीचं असे, आणि आपल्या जुन्या वैद्यांना तो दर्याचा नारळ म्हणून ठाऊक होता. हे झाड सेशेल्समध्ये आहे, याचा पत्ता युरोपीयांना १७६८ साली लागला. हे ठाऊक असलेली आजी त्या रानात अर्धा तास जास्त रेंगाळेल, आणि रेंगाळू द्यावं. एका दिवसात तीन बेटं कोंबली, तर तिला ओढतच बाहेर आणावं लागेल.

दुसरा दिवस क्यूरियूजला. महाकाय कासवं मोकळी हिंडताना दिसतील. १८३३ पासून या बेटावर महारोग्यांची वसाहत होती, हेही मुलांना सांगावं. तिसरा दिवस ला दीगला, सायकली भाड्यानं घेऊन. झाले तीन दिवस. प्रालँजवळच्या कूझँ बेटावरचे पक्षी पाहायचे असतील, तर या तिघांपैकी काहीतरी आखडतं घ्यावं लागेल. शिवाय ते बेट फक्त कामाच्या दिवशी, सकाळीच पाहता येतं. १९६८ साली पक्षिरक्षकांनी ते विकत घेतलं, तेव्हा तिथला एक छोटा गाणारा पक्षी तीसहूनही कमी उरला होता. आज तिथे आपली होडी किनाऱ्याला लावू देत नाहीत. रखवालदार त्यांच्या होडीतून नेतात, कारण पाहुण्यांबरोबर एक उंदीर उतरला तरी पक्ष्यांची अंडी धोक्यात येतात.

या हिशेबावर घरातून येणारा आक्षेप मला ऐकू येतो. ‘एवढे पैसे भरायचे आणि एक दिवस रिकामा? मग नौका घ्यायची कशाला?’ आक्षेप रास्त आहे. पण हॉटेलात रिकामा दिवस म्हणजे खोलीत बसणं, तर नौकेवर रिकामा दिवस म्हणजे खाडीत पोहणं, गळ टाकून बसणं, नातवाला गाठी मारायला शिकवणं आणि दुपारी वाऱ्याच्या झुळकीवर झोपणं. भाडं आपण याच दिवसाचं भरतो. बाकीची बेटं फेरीबोटीनंही दिसतात, आणि स्वस्तात दिसतात.

तांडेल कोण?

नौका दोन प्रकारांनी मिळते. नुसती नौका घेऊन ती आपणच चालवायची, किंवा चालवणारा बरोबर घ्यायचा. कोकणी किनाऱ्यावर त्याला तांडेल म्हणतात. तोच शब्द मला आवडतो. नुसती नौका देण्यापूर्वी मालक प्रमाणपत्र आणि अनुभव विचारतात. इथे आपल्याकडे हमखास एक भाचा निघतो. ‘आमचा बंटी मर्चंट नेव्हीत आहे की!’ बंटी हुशार आहे, यात शंका नाही. पण दोनशे मीटरच्या मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काम करणं आणि चाळीस फुटी नौका वाऱ्यात वळवून प्रवाळखडक चुकवत नांगर टाकणं या दोन वेगळ्या विद्या आहेत. बंटीलाही हे ठाऊक असतं. मामापुढे बोलता येत नाही, एवढंच.

म्हणून पहिल्या खेपेला तांडेल घ्यावाच. त्याचा रोज वेगळा पडतो, त्याचं जेवण आपल्याकडे असतं आणि त्याला झोपायला जागा द्यावी लागते. खोल्यांचा हिशेब करताना हे धरायचं राहून जातं आणि मग पहिल्याच रात्री काकांना बैठकीत झोपावं लागतं. तांडेल स्थानिक असला, तर कुठली खाडी कुठल्या वाऱ्यात राहण्याजोगी, कुठे वाळू आणि कुठे खडक, हे तो जाणतो.

पण तांडेल घेणं सोपं, त्याचं ऐकणं अवघड. आपल्या घरात शेवटचा शब्द आजोबांचा, किंवा ज्यानं पैसे भरले त्याचा. तांडेल म्हणाला, ‘आज नको, उद्या जाऊ,’ की मागून आवाज येतो, ‘अहो, पैसे आपण भरलेत ना? त्याला सांगा निघायला.’ अशा वेळी भाडेकरूची मर्जी राखायला निघणाराही एखादा भेटतो आणि मग लाटांचा मार पोराबाळांना बसतो. निघण्यापूर्वी घरीच बैठक घेऊन एक वाक्य सर्वांकडून वदवून घ्यावं: पाण्यावर तांडेलाचा शब्द शेवटचा. कुठे जायचं ते आपण सांगू, जायचं की नाही ते तो सांगेल. जावयानं किंवा सासऱ्यानं यात मान-अपमान आणू नये.

वेळेचंही तसंच. विषुववृत्ताजवळ सूर्य वर्षभर सहा-साडेसहाच्या सुमारास मावळतो आणि अंधार झपकन पडतो. पाण्याखालचा प्रवाळ सूर्य डोक्यावर असतानाच नीट दिसतो. उन्हं कलली, की पाणी आरशासारखं चमकतं आणि खडक दिसेनासा होतो. म्हणून दुपारी चारपर्यंत मुक्कामाला पोचायचं, हा नियम. आपण मंडळी सकाळचा नाश्ता अकरापर्यंत लांबवतो. नौकेवर तो साडेसातला आटपला पाहिजे.

आणि पोहणं! नौकेवर जाणाऱ्यांपैकी कुणाला पोहता येत नाही, हे आधी उघड सांगावं. लाजू नये. लहान मुलांच्या मापाची तरंगजाकिटं आहेत की नाहीत, हे नौका ताब्यात घेतानाच पाहावं आणि डेकवर ती मुलांच्या अंगावर असावीत. ‘थोडा वेळच तर आहे’ हे वाक्य तिथे उच्चारू नये.

तांब्याभर पाणी

नौकेवरचा संसार हा एका छोट्या बिऱ्हाडाचा संसार आहे. टाकीत काहीशे लिटर पाणी असतं. दहा माणसांनी शहरी सवयीनं अंघोळ केली, तर दोन दिवसांत टाकी कोरडी. समुद्रात डुंबायचं आणि वर येऊन तांब्याभर गोड्या पाण्यानं मीठ धुवायचं, ही रीत. टंचाईच्या गावांत वाढलेल्या आज्या याबाबतीत नातवंडांच्या गुरू ठरतील. वीजही मोजकी असते. सगळ्यांचे फोन एकाच वेळी भरणार नाहीत. संडासात कागद टाकायचा नाही, हे पहिल्याच दिवशी सर्वांना सांगावं. हा तपशील माहितीपुस्तकात नसतो, पण आठवड्याचं सुख यावरच असतं.

खाण्याचं ओझं फार करू नये. पोहे, मेतकूट, भडंग, मसाले आणि छोटा कुकर पुरे. ताजी फळं, बिया, मांस नेण्याच्या भानगडीत पडू नये. बाहेरची कीड बेटावर येऊ नये म्हणून तपासणी कडक असते, आणि ते योग्यच आहे. व्हिक्टोरियाच्या मंडईत मासळी, भाजी, नारळ सगळं मिळतं. मुलांना तिथे नेऊन बाजार करणं हासुद्धा सहलीचाच भाग आहे.

शेवटी आपल्या वागण्याविषयी. १९९८ साली समुद्र तापल्यामुळे सेशेल्सच्या आतल्या बेटांभोवतीचा बहुतेक प्रवाळ पांढरा पडून मेला. तो सावरत होता, तोच २०१६ साली पुन्हा तसाच फटका बसला. अशा प्रवाळावर आपला नांगर आणि साखळी घसटणं म्हणजे दुखण्यातून उठू पाहणाऱ्याला ढकलणं. नांगर वाळूतच टाकायचा, आणि जिथे बांधायला तरंगते गोळे ठेवले आहेत तिथे नांगर टाकायचाच नाही. प्रवाळाला पाय लावायचा नाही, कासवावर पोराला बसवून फोटो काढायचा नाही आणि सरकारी दाखल्याशिवाय जोडनारळ घ्यायचा नाही. तिसरं बेट हुकलं तर रुखरुख लागेल, पण यातलं काही हातून घडलं, तर त्याची भरपाई आपल्याकडून व्हायची नाही.

हे सगळं जड वाटत असेल, तर थोडी तयारी इथेच करता येते. सातशे किलोमीटरहून लांब किनारा लाभलेल्या महाराष्ट्रात शिडाच्या होडीत एकदाही न बसलेली माणसंच जास्त. दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली ‘म्हादेई’ या गोव्यात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय. त्यांचं नाव आपण अभिमानानं घेतो आणि सुट्टीत पुन्हा बसचं तिकीट काढतो. मुंबईत, गोव्यात शिडाची होडी शिकवणाऱ्या संस्था आहेत. जाण्याआधी घरातल्या दोघा-तिघांनी चार रविवार तिथे घालवले, तर तांडेल ‘आज नको’ का म्हणतो, हे त्यांना कळेल आणि बाकीच्यांना ते समजावून सांगतील. चार रविवार नसतील, तर निदान एक संध्याकाळ तरी पाण्यावर काढावी. कुणाला लाट लागते आणि कुणाला भीती वाटते, हे हजारो मैल दूर जाऊन कळण्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावर कळलेलं बरं.

तेव्हा यंदा फोनगटावर बेत शिजू लागला, की पहिला प्रश्न ‘काय काय पाहायचं?’ हा नसावा. वारा कुठल्या महिन्यात कसा असतो, पाण्यावर कोणाचं ऐकायचं आणि कोणता दिवस मोकळा सोडायचा, हे तीन प्रश्न आधी सोडवावेत. चौकटीचा कागद त्यानंतर खुशाल काढावा. फक्त त्यातला एक रकाना कोरा ठेवावा, आणि तो कुणालाही भरू देऊ नये.